थाळी वाजली होती

लग्नाची पत्रिका द्यायला लोक माझ्या घरी यायचे, ऑफिसात नाही. ऑफिसात समोरासमोर गाठ पडली तरी पिशवी पाठीमागे धरून "संध्याकाळी घरी आहात का बाई?" एवढंच विचारून निघून जायचे. जन्म-मृत्यू शाखेच्या टेबलावर हळदकुंकू लावलेली पत्रिका ठेवायला कुणाचा हात धजत नसे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सबंध नोकरी मी या एका कामात काढली, आधी महाराष्ट्राच्या सीमेपलीकडच्या सौंसरच्या नगरपालिकेत आणि शेवटची काही वर्षं पांढुर्ण्याला. दोन्ही गावांत माझी ओळख एकच, जन्म-मृत्यूवाल्या बाई. माझे यजमान बँकेत होते, चांगल्या हुद्द्यावर. बाजारात लोक त्यांना जन्म-मृत्यूवाल्या बाईंचे मिस्टर म्हणत. ते मात्र त्यांना अजून खुपतं.

काम बाहेरच्याला वाटतं तेवढं उदास नव्हतं. अर्धा दिवस तर भांडणात जायचा. शाळेत लवकर घालायचं म्हणून पोराचं वय वाढवून मागणारे यायचे, आणि नोकरीला लावायचं म्हणून कमी करून मागणारेही यायचे. कधीकधी तोच बाप आणि तेच पोर असायचं, मध्ये फक्त काही वर्षं गेलेली. आमच्याकडच्या कितीतरी सुनांची बाळंतपणं नागपूरला होतात. कुणाचं माहेर तिकडे, कुणाची डॉक्टरीण तिकडे. मग बाळ सौंसरला आलं की आजोबा माझ्यापुढे उभे. "घर इथलं, बाप इथला, मंग दाखला इथला कावून नाही?" मी सांगायची, घटना जिथे घडली तिथेच नोंद. बाळ नागपुरात झालं तर कागद नागपूरचा. एक आजोबा घाबरून म्हणाले, "म्हणजे आमचं पोट्टं महाराष्ट्राचं झालं का जी?" मी म्हटलं, पोट्टं तुमचंच, कागद तेवढा त्यांचा. ते हसत हसत गेले आणि परत आले नाहीत, म्हणजे समजलं असावं.

लोकांना वाटतं आमच्याकडे दोनच नोंदी होतात, जन्माची आणि मृत्यूची. तिसरीही एक असते. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि ज्यांना विचारावं लागतं ते मान वर करून विचारत नाहीत.

आईच्या पोटात अठ्ठावीस आठवडे पूर्ण झाल्यावर जे बाळ जीव नसलेलं बाहेर येतं, त्याची वेगळी नोंद करावी लागते. आमच्या हिंदी फॉर्मवर त्याला 'मृत जन्म' म्हणतात. त्यात बाळाच्या नावाला रकाना नाही. जन्माचा किंवा मृत्यूचा देतो तसा दाखलाही आम्ही त्याचा देत नव्हतो. नोंद व्हायची आणि तिथेच राहायची. पण बाहेर आल्यावर बाळाने एक श्वास जरी घेतला, हात हलवला, छाती धडधडली, तर तो जिवंत जन्म. लगेच गेलं तरी आधी जन्म लिहायचा, मग मृत्यू. दोन नोंदी, दोन दाखले, आणि नावही लिहिता येतं. अठ्ठावीस आठवड्यांच्या आधीच पोटातलं गेलं तर आमच्या टेबलाशी त्याचा संबंध येत नाही. हे सगळं समोरच्याला सांगताना माझा आवाज कोरडा व्हायचा. ऐकणाऱ्याला ते आवडत नसणार. पण आवाज ओला होऊ दिला असता तर मला पुढचं बोलताच आलं नसतं.

मोहगावचे एक सासरे आठवतात. धोतर, टोपी, खिशाला पेन. सून खासगी शाळेत शिकवायची, चौथ्या महिन्यात तिचा गर्भ आपोआप पडला होता. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, रजा हवी तर नगरपालिकेचा कागद आणा. हे गृहस्थ मोहगावहून बसने सौंसरला आले आणि मला म्हणाले, "बाई, आमच्या सुनेच्या लेकराचा दाखला पायजे." मी समजावलं की एवढ्या लवकर गेलेल्याची नोंद कुठेच होत नाही. कायद्याने तिला सहा आठवडे पगारी रजा आहे आणि त्याला डॉक्टरचा कागद पुरतो.

"डॉक्टरचा नेला होता. हेडमास्तर म्हणतो, शिक्का सरकारी पायजे. बाई, माही सून घरी पडून आहे अन् तो शिक्का पाहून राहिला."

मला राग आला. मी एका कागदावर लिहून दिलं की चौथ्या महिन्यात झालेल्या गर्भपाताची नोंद नगरपालिकेत होत नसते. साहेबांची सही घेतली, शिक्का मारला. खरं तर त्या कागदाने काहीच सिद्ध होत नव्हतं. आठवड्याने ते सासरे पिशवीभर संत्री घेऊन आले. हेडमास्तरांनी शिक्का पाहून रजा दिली होती. कागद त्यांनी वाचलाच नसावा.

दुसरे एक पांढुर्ण्याचे संत्र्याचे व्यापारी. त्यांच्या सुनेला जुळं झालं, एक मुलगा जिवंत, दुसरा पोटातच गेलेला. ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. आमच्याकडे जन्माची नोंद करायला येणारा पेढे आणतोच. त्यांनी पुडा टेबलावर ठेवला, मग काय वाटलं कोण जाणे, परत उचलला आणि मांडीवर घेऊन बसले. मी एक जन्माचा हिरवा फॉर्म काढला आणि एक मृत जन्माचा. एका वेळचं बाळंतपण, एक आई, आणि कागद दोन तऱ्हेचे. मी आईचं नाव दोन्हीकडे लिहिलं. तेव्हा ते म्हणाले, "बाई, पेढा खावं का नाही, तुमीच सांगा." मी पुडा उघडला, एक पेढा उचलला आणि तोंडात टाकला. पेढा गोडच होता. त्यांनीही एक घेतला आणि खाता खाता ते रडायला लागले.

पण मला सांगायचंय ते वनिताचं. ते सौंसरचं, माझ्या बदलीच्या आधीचं.

वनिता मूळची काटोलकडची, लग्न होऊन सौंसरला आलेली. नवऱ्याचं नाव प्रमोद. गावाच्या कडेला, पण नगरपालिकेच्या हद्दीत, त्यांची संत्र्याची बाग आणि बागेतच घर. घरात तिघंच, प्रमोद, वनिता आणि प्रमोदची आई गिरजाबाई. वनिताचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. निघायच्या दोन-तीन दिवस आधी, आठवा महिना सरत असताना, तिला भर दुपारी कळा सुरू झाल्या. गाडी बोलावली, पण ती यायच्या आत सगळं घरातच उरकलं. खोलीत गिरजाबाई एकट्या होत्या. प्रमोद दाराबाहेर उभा, आणि अंगणात संत्री तोडायला आलेली माणसं.

हे मला कळलं ते प्रमोद ऑफिसात आला तेव्हा. दोन शेजारी सोबत घेऊन आला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी बसायला सांगितलं तर बसला नाही.

"मॅडम, पोरगी झाली होती. गेली. दोन दाखले पायजेत, जन्माचा अन् मृत्यूचा. नाव पन टाकायचं आहे."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. बाळ रडलं होतं का?

"थाळी वाजली नं मॅडम."

"थाळी वाजली ते समजलं. बाळ रडलं का, ते विचारून राहिले मी."

"थाळी काय अशीच वाजते का जी?" एक शेजारी पुढे झाला. "आमी सगळ्यायनं आयकली. अंगणातच होतो."

वाचणाऱ्यांपैकी काहींना हे माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्याकडे घरात बाळंतपण झालं की काशाची थाळी वाजवतात. बाळ सुखरूप आलं, हे बाहेर उभ्या माणसांना त्या आवाजावरून कळतं. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, तिथे कोण थाळी वाजवू देणार! पण जुन्या घरांत थाळी अजून फळीवर असते, आणि तिचा आवाज आला की पुढचं विचारायची गरज उरत नाही. त्या दिवशीही कुणी विचारलं नाही. आवाज ऐकताच प्रमोदने काटोलला सासरी फोन लावला आणि सांगितलं, बाळ झालं. अंगणातल्या बायकांनी गूळ मागितला. थोड्या वेळाने गिरजाबाई दार उघडून बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या हातात लुगड्यात गुंडाळलेलं बाळ होतं आणि त्यांनी मान हलवली. मागून गाडी आली, नर्स आली, तिने वनिताकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. तिच्या येण्याआधीच सगळं संपलं होतं, म्हणून बाळाबद्दल तिला काही सांगता येईना.

"वनिता शुद्धीवर होती का तेव्हा?"

"नाही. बाळ होताबरोबर तिले भोवळ आली. उठली तवा सगळं झालं होतं." तो खाली पाहत बोलत होता. "मॅडम, ती आईसंगं बोलत नाही. म्हणते, थाळी वाजली म्हणजे पोरगी जिवंत होती. रडली असंन, मले शोधत असंन, अन् मले कावून कोणी उठवलं नाही. रात्रंदिवस तेच. मी म्हणतो, निदान नाव तरी कागदावर येऊ द्या. तिले दाखवता येईन."

"तुमच्या आई काय म्हणतात?"

"आई काहीच नाही बोलत. विचारलं का उठून जाते."

साहेबांकडे मी कागद नेले. ते भले माणूस, त्यांचंही मन हळवं झालं. म्हणाले, दोन साक्षीदार आहेत, घरचा कर्ता सांगतोय, लिहून टाका बाई. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. कुणाचं काय नुकसान होणार होतं? एका बाईला लेकीचं नाव मिळालं असतं. पण साक्षीदारांनी पाहिलं काहीच नव्हतं, फक्त ऐकलं होतं. आणि दुसरी गोष्ट मला जास्त छळत होती. जिवंत जन्म लिहिला की तो वनिताच्या हातात सरकारी शिक्क्यासकट पडणार. मग तिची पोर रडली आणि आई झोपून राहिली, हे तिच्यासाठी कायमचं खरं होणार. मी साहेबांना म्हटलं, खोलीत जी बाई होती तिला विचारल्याशिवाय मी लिहिणार नाही. गिरजाबाई ऑफिसात येणार नव्हत्या, म्हणून मीच त्यांच्या घरी गेले.

बागेत तोड चालू होती. क्रेट भरून ठेवलेले, गवत पसरलेलं, आणि सगळीकडे संत्र्याच्या सालीचा वास. वनिता आतल्या खोलीत खाटेवर बसली होती, डोक्याला फडकं बांधलेलं. खाटेशी शेगडी होती, तिच्यावर ओव्याची धुरी. गिरजाबाई खाली बसून सुनेच्या पायांना तेल लावत होत्या. बाळ नसलं तरी बाळंतिणीचं सगळं त्या नेमाने करत होत्या. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, काही चुकवत नव्हत्या. वनिता पाय पुढे करत होती, पण सासूकडे बघत नव्हती. दोघींमध्ये एक शब्द नव्हता. मला वाटलं, हिने पाय ओढून घेतले असते तरी बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं.

प्रमोदने खुर्ची दिली. मी चहा नको म्हटलं तरी त्याने केलाच. मी दोघींना समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं. श्वास घेतला असेल तर काय लिहितात, नसेल तर काय. नाव कशात येतं, कशात येत नाही. दाखला कशाचा मिळतो, कशाचा नाही. काही लपवलं नाही.

वनिता पहिल्यांदा बोलली. "मंग लिहा नं मॅडम, जन्म अन् मृत्यू. सगळ्यायले माहीत आहे."

"सगळ्यांनी थाळी ऐकली, वनिता. बाळाला कुणी पाहिलं नाही. पाहिलं ते तुझ्या आत्याबाईंनी."

सासूला ती आत्याबाई म्हणते हे मला प्रमोदकडून कळलं होतं.  गिरजाबाईंचे हात तेलात थांबले. मी म्हटलं, "गिरजाबाई, मी पोलीस नाही. तुम्हांला दोष द्यायला आले नाही. फक्त एवढं सांगा, पोर रडली का?"

त्या उठतील असं मला वाटलं. उठल्या नाहीत. तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि पदराने हात पुसत बसल्या. प्रमोद म्हणाला, "आई, बोल नं वो." 

"नाही रडली," त्या म्हणाल्या. "हालली पन नाही."

"आई, थाळी—" प्रमोद म्हणाला.

"ते म्या तिले उठवाले वाजवली." गिरजाबाई आता वनिताकडे पाहत होत्या. "माही आजी सांगे, लेकरू गप्प आलं का त्याच्या कानाशी थाळी वाजवावं, दचकून श्वास घेते. म्या पाठ चोळली, पाय चोळले, तोंडात फुंकलं. मंग थाळी घेतली. हात दुखे पावेतो वाजवली. ते काही उठली नाही माय. अन् बाहेर सगळे खुश होऊन राहिले होते, तो फोन लावून राहिला होता. मी थाळी खाली ठेवू का वाजवत राहू, मले समजेना."

शेगडीतला ओवा तडतडला.

"मंग तवाच कावून नाही सांगितलं?" वनिता म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की मी पुढे वाकले.

"तू शुद्धीवर आली अन् पयले म्हणाली, भोवळीतबी थाळी आयकली म्या, लेकरू झालं नं. काय सांगू तुले? म्या म्हटलं, एवढं तरी राहू दे तिच्यापाशी. घडीभर जिवंत होती म्हणून वाटते, तर वाटू दे. नंतर तू बोलनंच सोडलं. मंग तर तोंडच नाही झालं माहं."

मी या नोकरीत खूप रडणं पाहिलंय. पण त्या खोलीत मला काय झालं ते आधी सांगते. मला गिरजाबाईंचा संताप आला. एवढे दिवस ही पोरगी स्वतःला खात होती आणि या बाई तिच्या पायाला तेल लावत गप्प बसल्या. आणि लगेच संताप ओसरला, कारण दुसरं काही करायला मलाही सुचलं नसतं. एकीला वाटत होतं, सुनेपाशी निदान ती घडीभर तरी राहावी. आणि दुसरी त्या घडीभरानेच मरत होती.

वनिता खाटेवरून खाली उतरली. बाळंतिणीने थंड जमिनीवर बसू नये म्हणून गिरजाबाई "अवो, खाली नको, खाली नको" म्हणत राहिल्या, पण ती सासूसमोर बसली आणि तिचे तेलकट हात धरले.

"म्हणजे ती मले हाक मारत नव्हती?"

"नाही माय. तिनं कोणालेच हाक नाही मारली. तू काही चुकवलं नाही."

मग ती रडली. मोकळी, तोंड उघडं ठेवून, लहान मूल रडतं तशी. गिरजाबाईंनी तिचं डोकं छातीशी घेतलं आणि त्याही रडल्या. प्रमोद दारात उभा राहून भिंतीला नखाने ओरखडे काढत होता. मी चहा पिऊन टाकला, कारण हाताला काहीतरी हवं होतं. चहा गार झालेला आणि फार गोड होता.

निघताना वनिताने विचारलं, "मॅडम, मंग आता तिचं काहीच नाही लिहिनार का तुमी? झालीच नाही म्हणून?"

मी पिशवीतून कायद्याचं पुस्तक काढलं. ते मी क्वचितच बाहेर नेत असे, पण त्या दिवशी कुणी वाद घातला तर असावं म्हणून घेतलं होतं. पहिल्या पानांवर शब्दांचे अर्थ दिलेले आहेत. तिथे 'जन्म' या शब्दाचा अर्थ हिंदीत दिलाय, तो मी तिला वाचून दाखवला आणि मराठीत सांगितला. जन्म म्हणजे जिवंत जन्म किंवा मृत जन्म. दोन्ही जन्मच. कायद्यानेही ती झालेली आहे, फक्त जिवंत झालेली नाही.

"लिहिलं आहे असं?"

"हे बघ, इथे."

तिने ती ओळ स्वतः वाचली. मग मी फॉर्म तिथेच भरायला घेतला. माहिती प्रमोदने दिली, सही त्याची. बाळाचं लिंग, स्त्री. जागा, घर. बापाचं नाव. आईचं नाव. वनिता माझ्या खांद्यावरून बघत होती. आईच्या रकान्यात तिचं नाव लिहून झालं तेव्हा तिने बोट ठेवलं.

"हे माहं नाव आहे नं? आई म्हणून?"

"हो."

"राहू द्या मंग," ती म्हणाली, आणि सासूकडे वळून, "आत्याबाई, तुमीपन वाचा." गिरजाबाईंना वाचता येत नव्हतं. वनिताने त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं आणि वाचून दाखवलं.

त्या नोंदीचा दाखला मी देऊ शकले नाही. नाव लिहू शकले नाही. याची रुखरुख मला नोकरी संपली तरी आहे. एका बाईला हातात धरायला एक कागद द्यायला काय हरकत होती, हे मला अजून कळलेलं नाही. मी वर दोनदा विचारून पाहिलं, नियमात नाही एवढंच उत्तर आलं. पुढेमागे कुणी नियम बदलला तर मला आनंद होईल.

नंतर माझी बदली पांढुर्ण्याला झाली. काही वर्षांनी, एका सकाळी, खिडकीशी प्रमोद उभा. आधी मी त्याला ओळखलंच नाही, अंगाने भरला होता. मागे वनिता, आणि गिरजाबाईंच्या हातांत टोपडं घातलेला मुलगा. बाळंतपण या खेपेला पांढुर्ण्याच्या एका खासगी दवाखान्यात केलं होतं, गाडीची वाट बघायची नाही म्हणून आठ दिवस आधीच येऊन राहिले होते. आता दाखला न्यायला आले होते. पेढे होतेच.

आता सगळं ऑनलाइन झालं होतं. दवाखान्याने पाठवलेल्या माहितीत एक रकाना कोरा राहिला होता. त्याशिवाय संगणक पुढे सरकेना. मी तो वाचला. आईला आतापर्यंत जिवंत जन्मलेली मुलं किती, असा तो रकाना आहे. हे बाळ धरून मोजायचं असतं. मृत जन्म त्यात मोजत नाहीत. मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तसंच वनिताला विचारलं, फक्त थोडं हळू.

तिला समजलं. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली, "एक, मॅडम." आवाज अगदी साधा होता.

मी 'एक' टाकलं. संगणक पुढे सरकला.

बाकावर एक म्हातारी नातवाच्या दाखल्यासाठी बसली होती. तिने आमचं बोलणं ऐकलं असावं. गिरजाबाईंच्या हातांतल्या बाळाचं टोपडं नीट करत तिने कौतुकाने विचारलं, "पयलंच का वो?"

ऑफिसात बरीच माणसं होती. वनिता मान फिरवून दाराबाहेर बघायला लागली. प्रमोदने पेढ्यांचा पुडा या हातातून त्या हातात घेतला.

"नाही जी," गिरजाबाई म्हणाल्या. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दुसरं. मोठी पोरगी होती आमची. ते जन्मालेच मुकी आली, राहिली नाही."

वनिता वळली.  म्हातारी बाकावर बाजूला सरकली, शेजारी दोघींपुरती जागा केली आणि हाताने बाक पुसला.

"या माय," ती वनिताला म्हणाली, "बसा."